गेटाबाहेर काय जातं? कारखान्यात पर्यावरण व्यवस्थापन पहिल्यांदा उभं करणाऱ्यांसाठी

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छेच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी करणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा असेल. पुण्याच्या ग्राहकाकडून मेल येतो. दर, डिलिव्हरी, रिजेक्शन हे सगळं नेहमीचं असतं आणि शेवटी एक ओळ असते: पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत आयएसओ १४००१, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र, घ्या. मालक तो मेल छापून क्वालिटीतल्या सगळ्यात तरुण पोराच्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "हे तू बघ जरा." हा लेख त्या पोरासाठी किंवा पोरीसाठी आहे. बिडाचं ओतकाम करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, अशाच टेबलावर बसून मी हे काम शिकलो.

उदाहरणं फाउंड्रीची देतोय, कारण माझे हात तिथले आहेत. पण वडगावचे यंत्रमाग, चिकोडी-अथणीकडचे साखर कारखाने, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, शहरातला एखादा दवाखाना, सगळ्यांना पद्धत हीच लागू पडते. यादीतल्या वस्तू तेवढ्या बदलतात.

हे नेमकं आहे काय

पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली हे नाव जड आहे, काम साधं आहे. आपल्या कामामुळे हवा, पाणी, जमीन यांचं काय होतं ते शोधायचं. त्यातलं आधी काय सावरायचं ते ठरवायचं. ठरवलेलं रोजच्या कामात बसवायचं. झालं का ते मोजायचं आणि नाही झालं तर का नाही ते शोधून पद्धत बदलायची. मग पुन्हा पहिल्यापासून. क्वालिटीत काम केलेल्यांना प्लॅन-डू-चेक-अ‍ॅक्टचं हे चक्र पाठ असतं. इथे कास्टिंगच्या जागी ओढा आणि धुराडं आलं, इतकाच फरक.

१९९२ साली रिओला वसुंधरा परिषद झाली आणि त्याच वर्षी ब्रिटनने बीएस ७७५० नावाचं मानक काढलं. त्या वाटेने १९९६ मध्ये आयएसओ १४००१ आलं. २००४ आणि २०१५ मध्ये ते सुधारलं गेलं. २०२४ मध्ये त्यात एक छोटी भर पडली: हवामान बदलाचा आपल्या संस्थेशी संबंध आहे का, हे तपासायचं. ही ओळ वाचून काही जण 'लागू नाही' असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात पावसाने काय केलं ते आठवा. तसं पाणी तुमच्या शेडमध्ये गुडघाभर शिरलं तर तेलाचे बॅरल कुठे असतील? या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीखाली लिहायचं.

नव्या माणसाचा एक गैरसमज आधी काढून टाकतो. धुराड्यातून किती धूळ गेली तर चालेल, सांडपाण्याचा सामू किती असावा, असे आकडे या मानकात कुठेही नाहीत. आकडे कायद्यात असतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तुम्हाला दिलेल्या संमतीपत्रात असतात. ते पाळले जावेत म्हणून घरात शिस्त कशी लावायची, तेवढं मानक सांगतं.

आधी चालून या

पहिल्या आठवड्यात संगणक उघडू नका. वही घ्या आणि चाला.

कच्चा माल येतो त्या गेटापासून सुरुवात करा. स्क्रॅप कुठे उतरतं, त्याला तेल लागलंय का, वाळूचा ट्रक कुठे रिकामा होतो, वाळू घट्ट बांधणाऱ्या रेझिनचे ड्रम उन्हात आहेत की सावलीत, ते बघा. मग मोल्डिंग (वाळूचे साचे), कोअर शॉप (पोकळीसाठी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे), भट्टी, पोअरिंग (रस ओतणं), नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं), फेटलिंग (कडा घासणं), मशीन शॉप, पेंटिंग, डिस्पॅच. प्रत्येक ठिकाणी तिथल्या माणसाला दोनच प्रश्न विचारा: इथे काय येतं आणि इथून काय जातं? उत्तर साहेबाकडून घेऊ नका, हेल्परकडून घ्या. मशीन पुसलेलं कापड कुठल्या कोपऱ्यात पडतं हे त्यालाच माहीत असतं.

तीच फेरी तीन वेळा मारायची. एकदा नेहमीच्या दिवशी. एकदा सोमवारी सकाळी भट्टी चालू करताना किंवा मेंटेनन्सच्या सुट्टीत, कारण बंद-चालूच्या वेळी निघणारा धूर आणि सांडणारं तेल एरवी दिसत नाही. तिसरी फेरी मनातल्या मनात: आग लागली तर, भट्टीचं अस्तर फुटून रस खाली आला तर, डिझेलची टाकी गळली तर. आग विझवायला मारलेलं पाणी वाहून कुठे जाईल, हे फार थोडे लोक लिहितात.

माझा स्वतःचा नियम असा की एक फेरी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात मारायची. छत्री घेऊन मागच्या भिंतीला जायचं. उन्हाळाभर तिथे वापरलेल्या वाळूचा ढीग साठलेला असतो. पाऊस सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं ढिगाखालून काळं पाणी निघतं, कारण वाळूत कोळशाची पूड आणि बेंटोनाइट असतं. त्यावर कधीकधी तेलाची इंद्रधनुषी साय दिसते. त्या पाण्याच्या मागे चालत जा. ते भिंतीच्या भोकातून गटारात जातं, गटार कुठल्या तरी नाल्याला मिळतं आणि नाला कुणाच्या तरी भातशेताच्या कडेने वाहतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात बासमती पिकवणारी कितीतरी कुटुंबं आहेत आणि बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शेतात शिरलं की त्यांचं काय होतं ते बेळगावकरांना सांगायला नको. तुमच्या गेटाबाहेरचं गटार शेवटी कुठे जातं ते पायांनी शोधून काढा. मानकात 'संबंधित पक्ष' म्हणून एक यादी मागतात. त्यात सगळे ग्राहक, बँक आणि मंडळ लिहितात. त्या नाल्याकाठच्या शेतकऱ्याचं नाव त्या यादीत वर यायला हवं.

यादी: पैलू आणि परिणाम

फेरीतून आलेलं सगळं आता एका नोंदवहीत मांडायचं. इथे दोन शब्दांत गल्लत होते. पैलू म्हणजे आपल्या कामातली ती गोष्ट, जी पर्यावरणाला भिडते. परिणाम म्हणजे भिडल्यावर तिकडे जे होतं ते. मशीन शॉपमधलं जुनं कूलंट (धातू कापताना थंडाव्यासाठी सोडायचं तेलपाणी) टाकणं हा पैलू, त्याने नाल्याचं पाणी बिघडणं हा परिणाम. भट्टीला वीज लागणं हा पैलू, ती वीज बनवताना कुठेतरी कोळसा जळणं हा परिणाम. पैलू आपल्या हातात असतो, म्हणून काम पैलूवर करायचं.

यादी साठ-सत्तर ओळींची होते. सगळ्यावर एकदम काम होत नाही, म्हणून गुण द्यायचे: नुकसान किती मोठं, किती वेळा घडतं, लक्षात यायला किती वेळ लागतो. एक ते पाचची मोजपट्टी पुरते. दशांशात गुण काढणारे तक्ते मी पाहिलेत, त्यांचा उपयोग कुणालाच होत नाही. दोन नियम मात्र पक्के ठेवा. ज्याला कायदा लागू होतो तो पैलू गुण कितीही आले तरी महत्त्वाचा. आणि ज्याबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आली आहे तोही महत्त्वाचा.

फाउंड्रीत वर येणाऱ्या गोष्टी बहुतेक ठरलेल्या आहेत: भट्टीची वीज, वापरलेली वाळू, नॉकआउट आणि फेटलिंगची धूळ, रेझिनचा वास, जुनं तेल आणि कूलंट, स्लॅग (रसावर येणारा मळ), जनरेटरचा धूर आणि आवाज. साखर कारखान्यात गाळप हंगामातलं सांडपाणी, बॉयलरची राख आणि मळी वर येईल. यंत्रमागाला रंगाईचं पाणी आणि आवाज. दवाखान्यात जैववैद्यकीय कचरा, ज्याला २०१६ च्या नियमांनी पिवळा, लाल, पांढरा, निळा असे रंग ठरवून दिलेत आणि प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायला बंदी आहे.

२०१५ च्या आवृत्तीपासून जीवनचक्राचा विचार करायला सांगितलंय. वस्तू आपल्या गेटात येण्याआधी कुठून आली आणि बाहेर गेल्यावर तिचं काय होतं, हे बघायचं. पुस्तकात हे वाक्य वाचलं तेव्हा मला ते फारसं कळलं नव्हतं.

निळा ड्रम

एका मित्राच्या शेतावर हुरडा खायला गेलो होतो. खानापूर रस्त्याला आत एक गाव आहे, तिथे. गोठ्याच्या बाजूला निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता, वरून कापलेला, पाण्याने भरलेला, आणि दोन म्हशी त्यातून पाणी पीत होत्या. ड्रमच्या अंगावर पांढऱ्या रंगाने लॉट नंबर होता. अक्षर माझं होतं.

तो कोअरच्या रेझिनचा ड्रम होता. मित्राचे काका म्हणाले, "शनिवारच्या बाजारातून आणला, लई मजबूत आहे बघा." माझ्याच्याने त्या दिवशी काही खाववलं नाही. काकांना ड्रममध्ये काय होतं ते सांगितलं, तो बाजूला काढला, आणि सोमवारी रजिस्टर उघडलं. रिकामे ड्रम महिन्यातून दोनदा भंगारवाल्याला जात होते, इतर भंगाराबरोबर, वजनावर. आमच्या यादीत 'रिकामे ड्रम' ही ओळच नव्हती. रेझिन होतं, ड्रम नव्हता.

घातक रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे घातक कचऱ्यातच मोडतात. ते अधिकृत परवाना असलेल्यालाच द्यायचे. जमेल तिथे पुरवठादारानेच परत न्यावेत असं खरेदी ऑर्डरमध्ये लिहून घ्यायचं. आम्ही आणखी एक गोष्ट केली. ड्रम रिकामा झाला की स्टोअरमधून हलण्याआधी त्याच्या तळाला ड्रिलने तीन भोकं पाडायची आणि त्याची नोंद करायची. त्या ड्रममध्ये पुन्हा कुणाचं पाणी भरलं जाणार नाही.

तुमच्याकडे कुठली वस्तू भंगारवाल्याकडे जाते, ती तो कुणाला विकतो आणि ते ती कशासाठी वापरतात, हे तीन प्रश्न पहिल्याच महिन्यात विचारा.

कायद्याची वही

भोपाळ १९८४ मध्ये झालं आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यातून आला. त्याआधीचे १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा. या तिघांच्या आधारावर तुमचं बहुतेक सगळं उभं असतं. आपण कर्नाटकात आहोत, त्यामुळे मंडळ म्हणजे कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. कोल्हापूर किंवा इचलकरंजीच्या मित्राकडून फॉर्मॅट आणला तरी त्यातलं मंडळाचं नाव, संमतीचा प्रकार, अटी सगळं आपल्याकडचं करून घ्या. नुसतं नाव बदललेल्या फाइली मी पाहिल्या आहेत, त्यातल्या अटी दुसऱ्या राज्याच्या होत्या.

उभारणीआधी एक संमती आणि चालवण्यासाठी दुसरी, अशा दोन संमती असतात. चालवण्याची संमती काढून तिच्यातली प्रत्येक अट वहीत उतरवा: अट काय, कुणी पाळायची, कधी, पुरावा कुठे. मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. संमतीत लिहिलेलं उत्पादन आणि प्रत्यक्षातलं उत्पादन पडताळून बघा. नवी भट्टी बसते, टन वाढतात आणि कागद जुनाच राहतो. ही चूक फार नेहमीची आहे आणि बाहेरच्या तपासणीत ती सगळ्यात आधी सापडते.

मंडळाची पत्रं कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतात. कन्नड वाचता येत नसेल तर ऑफिसमधल्या कन्नड सहकाऱ्याजवळ बसून ओळ न ओळ समजून घ्या आणि मराठीत टिपण काढा. अर्धवट समजलेल्या पत्रावर उत्तर लिहू नका. कन्नडमध्ये पर्यावरणाला 'परिसर' म्हणतात. आपल्या कानाला त्याचा अर्थ आजूबाजूचा भाग असा येतो. मला तो शब्द या कामासाठी मराठीपेक्षाही जवळचा वाटतो.

तारखा लक्षात ठेवण्यासारख्या मोजक्याच आहेत. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत. मार्चअखेर संपणाऱ्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, ३० सप्टेंबरपर्यंत. जुनं तेल आणि तत्सम कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही आणि बाहेर पाठवताना नमुना १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, गाडीबरोबर गेलंच पाहिजे. समोरच्याकडून पोचीची प्रत परत आली का, हे तपासणारा माणूस नावानिशी ठरवा. बऱ्याच ठिकाणी गाडी जाते आणि पोच कुणी मागतच नाही.

आवाजाच्या मर्यादा औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. भिंतीपलीकडे वस्ती असेल तर रात्रपाळीचं फेटलिंग कुठल्या बाजूला ठेवायचं याचा विचार इथूनच सुरू होतो. जनरेटरच्या धुराड्याच्या उंचीचं गणितही ठरलेलं आहे: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. १०० केव्हीएचा जनरेटर असेल तर छतापेक्षा २ मीटर वर. हेस्कॉमची वीज गेली की जनरेटर चालतोच, तेव्हा हे एकदा टेप लावून मोजून घ्या.

धोरण आणि उद्दिष्टं

धोरण एका पानाचं असतं. प्रदूषण रोखू, लागू असलेले नियम पाळू, सतत सुधारत राहू, ही तीन वचनं त्यात लागतात. मालकांची सही घ्या आणि मराठी व कन्नड दोन्हीत लावा. यावर एका दिवसापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

वेळ उद्दिष्टांवर घालवा. पहिल्या वर्षी तीन पुरेत. प्रत्येकाला आजचा आकडा, कुठे जायचंय तो आकडा, तारीख, माणूस आणि पैसा लागतो. 'विजेची बचत करू' हे उद्दिष्ट होत नाही.

एक हिशेब सोबत करू. समजा, महिन्याला २०० टन रस वितळवता आणि वीज लागते १,३०,००० युनिट. टनामागे ६५० युनिट, इंडक्शन भट्टीच्या फाउंड्रीत असा आकडा दिसतो. पण ग्राहकाला रस जात नाही, चांगलं कास्टिंग जातं. रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या वाटांत गोठलेला धातू, वजा करून १३० टन कास्टिंग झालं आणि त्यात ८ टक्के रिजेक्ट गेलं, तर उरलं ११९.६ टन. म्हणजे चांगल्या टनामागे साधारण १,०८७ युनिट. आता रिजेक्शन ५ टक्क्यांवर आणलं तर चांगला माल १२३.५ टन आणि टनामागे १,०५३ युनिट. एकही नवं मशीन न घेता टनाला ३४ युनिट वाचले. रिजेक्ट झालेलं प्रत्येक कास्टिंग पुन्हा वितळतं. त्याची वाळू, रेझिन, वीज सगळं दुसऱ्यांदा लागतं. म्हणून फाउंड्रीत रिजेक्शन कमी करणं हेच माझ्या मते पहिलं पर्यावरण उद्दिष्ट असावं. मालकांनाही ते लगेच पटतं.

त्याच्या जोडीला लहान गोष्टी करा. भट्टीवर झाकण ठेवायचं. परतीच्या रनर-रायझरवरची वाळू शॉट ब्लास्टने काढून मगच ते भट्टीत टाकायचं, कारण वाळू वितळवायला वीज लागते आणि तिचा शेवटी स्लॅगच होतो. मोल्ड तयार नसताना रस भट्टीत धरून ठेवायचा नाही. मोल्डिंग आणि मेल्टिंगचे फोरमन सकाळी दहा मिनिटं एकत्र बसले तर यातलं निम्मं आपोआप होतं.

वाळूबद्दल जास्त काळजी घ्या. ग्रीन सँड, म्हणजे बेंटोनाइट आणि पाण्याने बांधलेली साच्याची वाळू, पुन्हा पुन्हा वापरता येते, पण रेझिनच्या कोअरची वाळू त्यात मिसळत जाते आणि दरमहा काहीतरी बाहेर काढावंच लागतं. ती कुणाच्या तरी खड्ड्यात भर म्हणून जाते. त्या वाळूत फिनॉलसारखे अंश असू शकतात, म्हणून आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. रेझिनचं आवरण घासून किंवा तापवून काढलं की ती वाळू पुन्हा वापरता येते. छोट्या फाउंड्रीला हे एकटीने परवडत नाही. फाउंड्री क्लस्टरमध्ये आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या बेळगाव शाखेत जाऊन विचारा. आपल्यासारख्याच अडचणी असलेली दहा माणसं तिथे भेटतात आणि दहा जणांची वाळू एकत्र केली तर गणित बदलतं.

काम करणाऱ्या हातांपर्यंत

तेलाच्या बॅरलची जागा आधी नीट करा, कारण ती सगळ्यांना दिसते. वर पत्रा, खाली सिमेंटची जमीन, भोवती कट्टा. कट्ट्याच्या आत सगळ्यात मोठ्या बॅरलच्या ११० टक्के तेल मावलं पाहिजे, म्हणजे २०० लिटरच्या बॅरलला २२० लिटर. कट्ट्याला गटाराकडे जाणारं भोक असता कामा नये. बाजूला कोरड्या वाळूची बादली, लाकडाचा भुसा, फावडं. कुलूप आणि किल्ली कुणाकडे आहे त्याची पाटी.

सूचना फोटोतून द्या. आपल्याकडे एका पाळीत खानापूरचा मराठी माणूस, बैलहोंगलचा कन्नड माणूस आणि बिहार-ओडिशाकडचा हिंदी बोलणारा माणूस शेजारी शेजारी उभे असतात. तीन भाषांत दोन-दोन ओळी आणि मधे तुमच्याच शेडमधला फोटो, एक बरोबर पद्धतीचा आणि एक चुकीच्या. इंटरनेटवरचा फोटो लावू नका. स्वतःचं मशीन दिसलं की माणूस थांबून बघतो. कंत्राटी कामगार आणि गाड्यांचे ड्रायव्हर यांना वगळू नका, चुका बऱ्याचदा तिथेच होतात.

आपत्कालीन सराव रात्रपाळीत घ्या. दिवसा सगळे साहेब हजर असतात.

मोजमाप आणि घरची तपासणी

मीटर लावा. भट्टीला वेगळा, कॉम्प्रेसरला वेगळा, बोअरच्या पाण्याला वेगळा. रोज ठरलेल्या वेळी एकाच माणसाने रीडिंग लिहायचं. संगणकात चढवायचं ते नंतर, आधी वही. धूर आणि सांडपाण्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून घ्या, आणि अहवाल आला की फाइलला लावण्याआधी संमतीपत्रातल्या आकड्याशेजारी ठेवून वाचा.

वर्षातून एकदा तरी अंतर्गत तपासणी होते. स्वतःचा विभाग स्वतः तपासायचा नाही, एवढा एक नियम. मशीन शॉप मोल्डिंगवाल्याने तपासावं. कागद कमी बघा, माणसाला विचारा.

आमच्या पहिल्या बाहेरच्या ऑडिटची गोष्ट सांगतो. फाइली छान होत्या, कूलंटची कार्यपद्धती चार पानांची होती. ऑडिटर मशीनजवळ गेले आणि तिथल्या पोराला विचारलं, जुनं कूलंट कुठे ओततोस? त्याने शेजारच्या गटाराच्या जाळीकडे बोट दाखवलं. "इथंच ओतुलो की रोज," तो म्हणाला. त्याने खोटं सांगितलं नाही, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

त्यावर पहिला उपाय लिहिला गेला: कामगाराला समज दिली. ऑडिटरनी तो परत पाठवला आणि बरोबर केलं. मग आम्ही 'का' विचारत गेलो. तो गटारात का ओतत होता? कूलंटचा बॅरल ऐंशी मीटर लांब होता. तिथपर्यंत का नेत नव्हता? बादली वीस किलोची, ट्रॉली नाही, आणि वाटेत फोर्कलिफ्टचा रस्ता. बॅरल तिथे का होता? लेआउट करताना मशीन शॉपला कुणी विचारलंच नव्हतं. उपाय असा निघाला: बॅरल मशीनपासून दहा पावलांवर आणला, एक ट्रॉली घेतली आणि गटाराच्या जाळीवर लोखंडी पट्टी मारली. त्यानंतर कुणाला समज द्यावी लागली नाही. तपासणीत सापडलेल्या चुकीचं कारण म्हणून 'हलगर्जीपणा' लिहावंसं वाटलं तर थांबा आणि तिथे जाऊन उभे राहा.

वर्षाअखेर मालकांबरोबर आढावा बैठक असते. आकडे, तक्रारी, अपुरी राहिलेली कामं, पुढच्या वर्षाचा पैसा. मालक अर्धा दिवस फोन बाजूला ठेवून बसले तरच ती बैठक. तारीख दोन महिने आधी घेऊन ठेवा.

प्रमाणपत्र

आयएसओ स्वतः कुणाला प्रमाणपत्र देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात. त्या संस्थेला मान्यता कुणाची आहे ते बघा. भारतात ही मान्यता एनएबीसीबी देते, तिचं चिन्ह प्रमाणपत्रावर असतं आणि संस्थेचं नाव तिच्या यादीत पडताळता येतं. चार दिवसांत प्रमाणपत्र देतो म्हणणारे फोन करतील. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये तो कागद टिकत नाही आणि तोपर्यंत पैसे गेलेले असतात.

ऑडिट दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात तयारी बघतात, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, आणि मधे दरवर्षी देखरेख ऑडिट. आमच्यासारख्या ठिकाणी सुरुवातीपासून प्रमाणपत्रापर्यंत नऊ-दहा महिने धरा, कारण किमान तीन-चार महिन्यांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. सल्लागार जरूर घ्या, कायद्याच्या वहीत त्यांची मदत होते. पैलूंची यादी मात्र त्यांना लिहू देऊ नका. एका कारखान्याच्या यादीत मी बॉयलरची राख वाचली होती, आणि त्या कारखान्यात बॉयलर नव्हता.

ग्राहकाची सक्ती नसेल, दहा-पंधरा माणसांचंच शेड असेल, तर प्रमाणपत्राच्या मागे लागायची गरज नाही. आयएसओ १४००५ हे मानक हीच प्रणाली टप्प्याटप्प्याने कशी बसवायची ते सांगतं. सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाची झेड ('शून्य दोष, शून्य परिणाम') योजना आहे, तिच्यात कांस्य या पहिल्या पातळीपासून सुरुवात करता येते. निम्म्यावर थांबलात तरी तेलाचा कट्टा बांधलेला असतो आणि ड्रमला भोकं पडलेली असतात.

दुसऱ्या वर्षी मृग लागला की जुनी यादी बाजूला ठेवा, कोरी वही घ्या आणि छत्री घेऊन पुन्हा मागच्या भिंतीपासून चालायला लागा. या वेळी सोबत एखाद्या नव्या हेल्परला न्या आणि काय दिसतं ते त्याला सांगू द्या. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी अशाच एका पोराने मला थांबवलं आणि भिंतीबाहेरच्या सांडव्यात पडलेला कोअरचा तुटका तुकडा दाखवला. मी त्या वाटेने दोन वर्षं जात होतो.